कारंजें, औदुंबर आणि पवित्र वृक्षाचें वय

(१)

जुनीं दफ्तरें व पोथ्या यांच्या शोधार्थ खेडोपाडीं हिंडणाऱ्या संशोधकांस एक अनुभव बहुधा येतोच. गांवकरी कागद दाखविण्यापूर्वीं झाड दाखवितात. देवळाच्या आवारांतील वड, पिंपळ किंवा उंबर दाखवून 'हें झाड अमुक सत्पुरुषाच्या वेळचें' असें मोठ्या श्रद्धेनें सांगतात. त्यावर संशोधकांची वृत्ति दोन प्रकारची दिसते. कोणी तें विधान जसेंच्या तसें टिपणांत उतरून घेतो व पुढें तेंच छापतो. कोणी तें हसण्यावारी नेऊन दफ्तराकडे वळतो. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सारखेच आळसाचे आहेत. पहिल्यांत परीक्षा नाहीं आणि दुसऱ्यांत जिज्ञासा नाहीं.

प्रस्तुत लेखांत वाशीम जिल्ह्यांतील लाडांचें कारंजें आणि तेथें जन्मलेल्या श्रीनृसिंहसरस्वतींच्या चरित्रांतील औदुंबर यांच्या आधारें या प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे. आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें: वृक्षाचें वय म्हणून जें सांगितलें जातें त्यांत तीन निरनिराळ्या वस्तूंचीं वयें एकत्र झालेलीं असतात, एक खोडाचें, दुसरें स्थानाचें व तिसरें कथेचें. हीं तीन वयें वेगळीं काढल्यावांचून गांवकऱ्यांचें म्हणणें खरें कीं खोटें हा प्रश्नच नीट विचारतां येत नाहीं. तीं वेगळीं काढल्यावर मात्र असें आढळून येतें कीं, पुष्कळदां गांवकऱ्यांच्या म्हणण्यांत आपण समजतों त्याहून अधिक तथ्य असतें. फक्त तें खोडांत नसतें.

(२)

प्रथम स्थलनामांचा विचार करूं. वाशीम जिल्हा अकोला जिल्ह्यांतून इ. स. १९९८ मध्यें वेगळा झाला. परंतु त्यांतील वाशीम व कारंजें हीं दोन्ही गांवें फार जुनीं आहेत, आणि योगायोगानें दोहोंच्याही नांवांत वनस्पतीचा संबंध दिसतो.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. गुल्म या शब्दाचा अर्थ झुडूप किंवा दाट जाळी असा प्रसिद्धच आहे; पण समुदाय व सैन्याची तुकडी हेही त्याचे अर्थ आहेत. वत्सगुल्ममाहात्म्यांत वत्स ऋषीच्या तपामुळें देवांचा समुदाय त्याच्या आश्रमाभोंवतीं जमला अशी उपपत्ति दिली आहे. कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत वत्स व गुल्म हे दक्षिणापथांतील दोन राजपुत्र बंधु होते असें म्हटलें आहे. अशा स्थितींत इ. स. १९३९ मध्यें वाशीम येथें वाकाटक नृपति दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट उजेडांत आला. तो त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेला आहे. त्यामुळें चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत हें नांव रूढ होतें यांत शंका उरली नाहीं. परंतु नांवाचा अर्थ काय हें ताम्रपट सांगत नाहीं. म्हणजे नांवाचें वय ताम्रपटानें ठरलें. अर्थ सांगणाऱ्या कथांचें वय ज्या त्या ग्रंथावरून स्वतंत्रपणें ठरवावें लागेल. एकाचा पुरावा दुसऱ्यास चालणार नाहीं. हाच भेद आपणांस पुढें वृक्षाच्या बाबतींत उपयोगी पडणार आहे.

कारंज्याची स्थलकथा अशी कीं, करंज नांवाचे ऋषि दुर्धर रोगानें पीडित झाले असतां त्यांनीं अंबेची प्रार्थना केली. तिनें आपल्या देवळासमोर एक तळें निर्माण केलें व त्यांत स्नान करून ऋषि रोगमुक्त झाले. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांतही ही कथा नमूद आहे. दुसरी उपपत्ति साधी आहे: करंज नांवाच्या झाडांवरून गांवाचें नांव पडलें. अमरकोश शिकलेल्या वाचकांस चिरिबिल्व, नक्तमाल, करज हीं करंजाचीं नांवें आठवत असतीलच. चरकानें नक्तमालाची गणना कंडूघ्न, म्हणजे खाज शमविणाऱ्या औषधांच्या गणांत केली आहे, आणि करंजेल अंगास चोळण्याची चाल आपल्याकडे आहे.

आतां या दोन उपपत्ति शेजारीं ठेवून पाहाव्या. ऋषि आणि वृक्ष एकाच नांवाचे; ऋषि स्नानानें रोगमुक्त झाला, वृक्ष त्वचेचे रोग घालवितो. यावरून ऋषीची कथा ही वृक्षाच्या गुणासच दिलेलें मानवी रूप असावें असें अनुमान करावेंसें वाटतें. आम्हांस तें संभवनीय दिसतें. परंतु अनुमान म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, याची आठवण देणारें एक उदाहरण याच गांवाच्या चरित्रनायकाच्या कथेंत आहे. तें पुढील भागांत येईल.

(३)

श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म शके १३०० च्या सुमारास कारंजें येथें माधव व अंबा या दांपत्याच्या पोटीं झाला. त्यांचें चरित्र सरस्वती गंगाधर यानें सोळाव्या शतकांत ओवीबद्ध केलें. तोच गुरुचरित्र हा ग्रंथ. ग्रंथकार कडगंचीच्या सायंदेवाच्या वंशांतला असून त्याची घरची भाषा कानडी होती. सिद्ध व नामधारक यांच्या संवादाच्या रूपानें ग्रंथाची रचना आहे. ग्रंथांत कारंज्याचें नांव असूनही जन्मस्थान म्हणून गांवाची प्रसिद्धि दीर्घकाळ मंदच होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं श्रीवासुदेवानंद सरस्वती (टेंबे स्वामी) यांच्या आगमनानंतर ती वाढली. येथेंही पुन्हां तेंच दिसतें कीं, ग्रंथांतील उल्लेख एका काळचा आणि स्थानाचें माहात्म्य दुसऱ्या काळचें.

कारंज्याचा हा मुलगा मुंज झाल्यावर काशीस गेला, तेथें कृष्णसरस्वतींकडून त्यानें संन्यास घेतला, आणि पुढें दक्षिणेंत कृष्णेच्या व भीमेच्या तीरीं त्याचें बहुतेक आयुष्य गेलें. म्हणून औदुंबराच्या कथा कारंज्यास घडलेल्या नसून कृष्णातीरीं व गाणगापुरीं घडलेल्या आहेत. भिलवडीसमोर कृष्णेच्या दुसऱ्या तीरावर औदुंबराखालीं त्यांनीं चातुर्मास केला. त्या स्थानास आज औदुंबर हेंच नांव आहे. पुढें कृष्णा-पंचगंगेच्या संगमीं, म्हणजे नरसोबाच्या वाडीस, त्यांनीं औदुंबरातळीं बारा वर्षें वास केला. तेथून गाणगापुरास निघते वेळीं चौसष्ट योगिनी शोक करूं लागल्या, तेव्हां 'आपण गेलों तरी या औदुंबरीं आपला वास राहील' असें त्यांनीं आश्वासन दिल्याचें एकोणिसाव्या अध्यायांत वर्णिलें आहे.

त्याच अध्यायांत, इतके वृक्ष असतां गुरूंस औदुंबरच कां प्रिय, या नामधारकाच्या प्रश्नास उत्तर आलें आहे. हिरण्यकशिपूस विदारण केल्यावर नृसिंहाच्या नखांस विषाचा दाह होऊं लागला; तेव्हां लक्ष्मीनें औदुंबराचीं फळें आणिलीं, त्यांत नखें रोंवतांच दाह शमला; संतुष्ट झालेल्या नृसिंहानें व लक्ष्मीनें त्या वृक्षास वर दिला.

येथें आम्ही वर सूचित केलेलें उदाहरण येतें. करज हें करंजाचें नांव. आणि करज म्हणजे हातापासून उत्पन्न झालेलें, अर्थात् नख. कारंज्यास जन्मलेला नृसिंह, त्याच्या नांवाच्या देवाचीं नखें, नखांस संस्कृतांत करज, आणि करज म्हणजे पुन्हां करंज! अशी सांखळी जुळविणें कोणाही शब्दव्युत्पन्न मनुष्यास अगदीं सोपें आहे, आणि ती जुळली म्हणजे मनास मोठा आनंदही होतो. परंतु गुरुचरित्रकारानें हा श्लेष कोठेंही केलेला नाहीं. पूर्वींच्या कोणा लेखकाच्या मनांत तो होता असें दाखविणारा कागद नाहीं. तेव्हां असा आनंद खासगी ठेवावा, छापूं नये. करंज ऋषीच्या कथेचें आमचें वरील अनुमान याहून बरें आहे, कारण त्यास वैद्यकाचा स्वतंत्र आधार आहे; पण तेंही अनुमानच म्हणून सांगितलें पाहिजे.

(४)

आतां मुख्य मुद्यावर येऊं. गुरुचरित्रांत जो वर दिलेला आहे तो कोणास दिलेला आहे? एखाद्या विशिष्ट ठिकाणच्या विशिष्ट झाडास, कीं औदुंबरमात्रास?

शब्दाचा अर्थ जाति कीं व्यक्ति, हा वाद आपल्या शास्त्रांत फार जुना आहे. वैयाकरणांपैकीं वाजप्यायन आकृति, म्हणजे जाति, हा शब्दार्थ मानी, तर व्याडि द्रव्य, म्हणजे व्यक्ति, मानी. मीमांसकांनीं जातिपक्ष घेतला. पाठशाळेंतील विद्यार्थ्यांस हा वाद कोरडा वाटतो. परंतु प्रस्तुत प्रश्नांत तो अगदीं व्यवहाराचा आहे. एकोणिसाव्या अध्यायांतील वर जातिपर आहे. औदुंबर हा कल्पवृक्ष, त्याची सेवा करणारास फळ मिळेल, ही प्रतिज्ञा औदुंबर म्हणून जें जें झाड असेल त्या सर्वांस लागू पडते. म्हणूनच कृष्णातीरींचा उंबर आणि वऱ्हाडांतील एखाद्या दत्तमंदिराच्या आवारांत परवां लाविलेला उंबर यांच्या पूजेंत भक्त भेद करीत नाहींत. योगिनींस दिलेलें आश्वासन मात्र स्थानाशीं बांधलेलें आहे. तेथेंही तें खोडाशीं बांधलेलें आहे असें म्हणतां येत नाहीं, कारण तीच परंपरा पादुकांस मुख्य मानते, आणि वृक्ष हें त्या पादुकांचें छत्र.

या दृष्टीनें चाळिसावा अध्याय विशेष मननीय आहे. नरहरि नांवाचा श्वेतकुष्ठी ब्राह्मण गाणगापुरास गुरूंकडे आला. गुरूंनीं त्यास सर्पणांतलें औदुंबराचें वाळलेलें लाकूड दिलें व संगमीं रोंवून त्यास नित्य पाणी घालण्यास सांगितलें. लोकांनीं त्याची थट्टा केली: वाळलेल्या लाकडास कधीं पालवी फुटते काय, गुरूंनीं तुला नुसतें वाटेस लाविलें आहे! नरहरि उपोषित राहून पाणी घालीत राहिला. सात दिवसांनीं गुरु स्वतः तेथें आले, कमंडलूंतील जल त्या काष्ठावर शिंपडलें, तें पालवलें आणि ब्राह्मणाचें कुष्ठही गेलें.

चमत्काराची चर्चा येथें कर्तव्य नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, पवित्र वृक्षाविषयींचा सांप्रदायिक सिद्धांत ग्रंथकारानें या कथेंत स्पष्ट सांगून ठेविला आहे. झाड पवित्र आहे तें जुनें आहे म्हणून नव्हे; तें सेवेनें जिवंत राहतें म्हणून. ज्या लाकडाचें आयुष्य संपलें होतें तें पाणी घालणाऱ्याच्या निष्ठेनें पुन्हां वृक्ष झालें. ज्या संप्रदायाचा आधारग्रंथ असें सांगतो, त्या संप्रदायास खोडाचें वय फुगवून सांगण्याची मुळींच गरज नाहीं.

(५)

औदुंबराचें माहात्म्य गुरुचरित्रानें नव्यानें निर्माण केलें असेंही नाहीं. सोमयागांत सदोमंडपाच्या मध्यभागीं औदुंबरी नांवाची उंबराची थूणी पुरतात आणि सामगायनाच्या वेळीं उद्गाता तिला स्पर्श करून बसतो. ऐतरेय ब्राह्मणांतील महाभिषेकाची आसंदी औदुंबराची असते. ब्राह्मणग्रंथांत ऊर्ज्, म्हणजे अन्नरस, आणि उदुंबर यांचें ऐक्य वारंवार सांगितलें आहे. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडांत पुष्टीसाठीं औदुंबरमणि बांधण्याचें सूक्त आहे. अमरानें याचीं जीं नांवें दिलीं त्यांतलें यज्ञांग हें नांव याच परंपरेचें द्योतक होय.

अमराचींच जंतुफल व हेमदुग्धक हीं दुसरीं दोन नांवें निरीक्षणांतून आलेलीं आहेत. उंबर फोडून पाहिला कीं आंत बारीक चिलटें दिसतात. उंबराचीं फुलें फळासारख्या दिसणाऱ्या पोकळींत आंतल्या बाजूस असतात, आणि अतिसूक्ष्म गांधीलमाश्या आंत शिरून त्यांवर पराग पोंचवितात, हें आतां वनस्पतिशास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे. क्वचित् भेटणाऱ्या मनुष्यास आपण 'उंबराचें फूल' म्हणतों तें यामुळेंच. तसेंच वड, पिंपळ, पिंपरी, पारोसा पिंपळ यांच्या सालींबरोबर उंबराची साल वैद्यकांत पंचवल्कल म्हणून व्रण धुण्यास वापरतात. नखांच्या दाहावर औदुंबराची योजना करणाऱ्या कथेस हाही एक आधार म्हणतां येईल.

सारांश, कथेचें वय काढूं गेल्यास गुरुचरित्राच्या पंधराव्या-सोळाव्या शतकापलीकडे श्रौतकालापर्यंत जावें लागतें. परंतु यावरून आज उभ्या असलेल्या एखाद्या झाडाचें वय एका वर्षानेंही वाढत नाहीं.

(६)

खोडाचें वय हा स्वतंत्र प्रश्न आहे व तो वनस्पतिशास्त्राचा आहे. समशीतोष्ण देशांतील झाडें दरवर्षीं खोडांत एक वलय धारण करतात. तीं मोजून वय सांगतां येतें. आपल्या उष्ण प्रदेशांतील वड-उंबरांसारख्या वृक्षांत अशीं वार्षिक वलयें स्पष्ट उमटत नाहींत. घेर मोजून वय सांगावें तर तेंही फसवें, कारण पाणी मिळालेलें झाड थोड्याच काळांत दांडगें होतें. वडाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या पारंब्या जमिनींत रुजून खोडें होतात. मूळचें खोड कुजून गेलें तरी वड राहतो. मग शंभर खोडांपैकीं कोणत्या खोडाचें वय विचारावयाचें? उंबरास अशा पारंब्यांचा आधार नाहीं. तो पडला कीं पडला. त्याच्या जागीं दुसरा लावावा लागतो किंवा पक्ष्यांनीं टाकलेल्या बीजांतून आपोआप उगवतो. यास्तव पांच-सहाशें वर्षांचा उंबर म्हणून कोणी दाखविल्यास संशोधकानें 'हा कोणाच्या वेळीं लाविला' असें न विचारतां 'याच्या पूर्वींचा कधीं पडला' असें विचारावें. म्हाताऱ्या माणसांकडून पुष्कळदां सरळ उत्तर मिळतें. कारण त्यांच्या मतें झाड बदलल्यानें कांहींच बिघडलेलें नसतें.

(७)

इतर ठिकाणचीं तीन उदाहरणें घेतल्यास हा भेद अधिक स्पष्ट होईल.

पहिलें बुद्धगयेचें. ज्या पिंपळाखालीं बुद्धास बोधि झाला त्याचें स्थान अडीच हजार वर्षें पूजिलें जात आहे. परंतु शशांकानें वृक्ष तोडल्याचें व पूर्णवर्म्यानें तो पुन्हां वाढविल्याचें युवानश्वांगानें सातव्या शतकांत लिहून ठेविलें आहे. इ. स. १८७६ मध्यें तेथील जीर्ण वृक्ष वादळांत पडला, आणि इ. स. १८८१ मध्यें कनिंगहॅम साहेबानें त्याचेंच रोप त्या जागीं लाविलें. सिंहलद्वीपांत अनुराधपुरास अशोकाच्या काळीं नेलेल्या शाखेचा वृक्ष महावंसाच्या आधारें आजही दाखवितात. स्थान एक, कूळ एक, खोडें अनेक. आणि हें सर्व कागदोपत्रीं नमूद असल्यामुळें कोणाचीही फसवणूक होत नाहीं.

दुसरें जपानचें. त्या देशांत देवस्थानांतील वृक्षांस शिंबोकु, म्हणजे देववृक्ष, म्हणतात व त्यांच्या खोडाभोंवतीं भाताच्या पेंढ्याचा जाड दोर बांधतात. आपल्याकडे वडास सूत गुंडाळतात त्याची आठवण व्हावी. कामाकुरा येथील त्सुरुगाओका हाचिमान या देवस्थानाच्या पायऱ्यांशेजारीं गिंको जातीचा प्रचंड वृक्ष होता व तो हजार वर्षांचा म्हणून सांगत. इ. स. १२१९ मध्यें सानेतोमो या शोगुनाचा त्याच्या पुतण्यानें तेथें वध केला. मारेकरी याच वृक्षाआड लपला होता अशी प्रसिद्धि. परंतु अझुमा कागामी या जुन्या बखरींत वधाचा वृत्तांत असून वृक्षाआड लपल्याचा उल्लेख नाहीं. ती गोष्ट पुष्कळ मागाहूनची आहे. म्हणजे घटना खरी, स्थान खरें, झाडाचा संबंध उत्तरकालीन. इ. स. २०१० च्या मार्च महिन्याच्या १० तारखेस पहाटे तो वृक्ष वाऱ्यानें उन्मळून पडला. देवस्थानानें खोडाचा खालचा भाग कापून शेजारीं रोंविला आणि मूळ जागीं राहिलेल्या मुळांची निगा राखिली. त्या मुळांतून थोड्याच दिवसांत नवे कोंब आले. चाळिसाव्या अध्यायाच्या वाचकास हें ऐकून आश्चर्य वाटणार नाहीं.

तिसरें आळंदीचें, आणि पोथ्यांच्या संग्राहकांस तें सर्वांत जवळचें. ज्ञानेश्वर महाराजांनीं शके १२१८ मध्यें समाधि घेतली. एकनाथांच्या नांवावरील एका अभंगांत असें आहे कीं, ज्ञानदेवांनीं स्वप्नांत येऊन, अजानवृक्षाची मुळी कंठास लागली आहे, ती येऊन काढ, अशी आज्ञा केली; त्याप्रमाणें नाथ आळंदीस गेले. दुसऱ्या बाजूनें, ज्ञानेश्वरीच्या शेवटीं एकनाथांच्या ज्या ओव्या पोथ्यांत आढळतात त्यांत, शके १५०६ तारण संवत्सरीं त्यांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केल्याचें सांगितलें आहे. ग्रंथ मुळांत अति शुद्ध असून पाठांतरांमुळें अबद्ध झाला होता, असें त्यांचें म्हणणें. आणि या पाठांत स्वतःची ओवी घालणारानें अमृताच्या ताटांत नरोटी ठेविली असें समजावें, असा इशाराही त्यांनीं दिला आहे.

अजानवृक्षाची कथा व पाठशुद्धीची नोंद या दोन गोष्टी परंपरेनें एकत्रच ठेविल्या आहेत, आणि आमच्या मतें त्या तशा ठेवण्यांत मोठी मार्मिकता आहे. कंठ हें वाणीचें स्थान. त्यास पडलेला मुळीचा विळखा आणि ग्रंथांत शिरलेले अपपाठ यांचें साम्य उघड आहे. वृक्ष पवित्र, त्याची मुळीही पवित्र. तरी ती कंठास लागली तेव्हां नाथांनीं ती दूर केली. श्रद्धा आणि संशोधन यांचा विरोध मानणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. पाठशुद्धि करणारा पुरुष भक्तच होता.

(८)

यावरून आपल्या कामास उपयोगी असे कांहीं नियम निघतात. पवित्र वृक्षाची माहिती टिपतांना खोड, स्थान व कथा यांचे रकाने वेगळे ठेवावे. सध्यांचें झाड कोणीं, केव्हां, कोठलें रोप आणून लाविलें हें वृद्धांस विचारावें. वृक्षाच्या पाराचा, दिवाबत्तीचा किंवा पूजेच्या नेमणुकीचा उल्लेख इनामपत्रांत व जमाखर्चांत आहे कीं काय तें पाहावें. मितीसह एक ओळ मिळाली तरी ती शंभर वर्षांच्या दंतकथेहून अधिक बोलते. स्थानमाहात्म्याची पोथी असल्यास तिचा लेखनशक व संवत्सर परस्परांशीं जुळतात कीं नाहीं तें ताडून घ्यावें. गुरुचरित्राच्या पोथ्यांत अध्यायसंख्या ५१, ५२ व ५३ अशी निरनिराळी आढळते. तेव्हां जुनी प्रत हातीं आल्यास संख्या मोजून एकोणिसावा व चाळिसावा हे अध्याय छापील पाठाशीं अवश्य ताडावे. औदुंबराच्या कथेचा इतिहास तेथें आहे, पाराच्या दगडांत नाहीं.

कारंज्याच्या बाबतींत तर हें विशेष निकडीचें आहे. या गांवाची कीर्ति नृसिंहसरस्वतींमुळें आहे तशीच तेथील जैन शास्त्रभांडारांमुळेंही आहे. बलात्कार गण, सेन गण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांचीं मंदिरें येथें असून भट्टारकांनीं शतकानुशतकें पोथ्या जतन केल्या. रायबहादुर हिरालाल यांच्या इ. स. १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडांतील हस्तलिखितांच्या सूचीमुळें त्यांकडे विद्वानांचें लक्ष गेलें. पुढें कारंजा जैन ग्रंथमालेंत डॉ. प. ल. वैद्य यांनीं पुष्पदंताचें जसहरचरिउ इ. स. १९३१ मध्यें, व प्रो. हिरालाल जैन यांनीं णायकुमारचरिउ इ. स. १९३३ मध्यें आणि कनकामराचें करकंडचरिउ इ. स. १९३४ मध्यें संपादून प्रसिद्ध केलें. मराठीच्या पूर्वपीठिकेचा अभ्यास करणारांस अपभ्रंशाचें हें द्वार उघडलें गेलें त्यांत कारंज्याचा वांटा मोठा आहे.

वृक्ष व पोथी यांची तुलना येथें संपत नाहीं. दोन्ही परंपरेनें जिवंत राहतात. झाड रोपानें, पोथी प्रतीनें. सुरपालाचा वृक्षायुर्वेद हा ग्रंथच पाहा. झाडांचे रोग, त्यांवरील उपचार, सुकत चाललेल्या वृक्षांस संजीवन देण्याचे उपाय यांचें हें शास्त्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतील एका हस्तलिखितानें तारून नेलें, आणि इ. स. १९९६ मध्यें सिकंदराबादहून तें इंग्रजी भाषांतरासह छापलें गेलें. तें एक हस्तलिखित वाळवीनें खाल्लें असतें तर वाळलेलीं झाडें जगविण्याची ती विद्या स्वतःच वाळून गेली असती.

भेद एवढाच, पण तो फार मोठा आहे. उंबर पडला तर त्याच्या जागीं दुसरा लावतां येतो आणि संप्रदायाच्या मतें त्याचें पावित्र्य अणुमात्रही कमी होत नाहीं, कारण वर जातीस दिलेला आहे. पोथी ही मात्र व्यक्ति आहे. तिच्यांतील पाठ, तिच्या समासांतील टीपा, शेवटीं लिहिलेलें लेखकाचें नांव व शक हें सर्व त्या एकाच पोथीचें असतें. शेवटची प्रत गेली कीं तिच्या बुंध्यास कोंब येत नाहीं, कितीही पाणी घातलें तरी. म्हणून ज्या घरांत पारावरच्या झाडास रोज पाणी घातलें जातें आणि माळ्यावरच्या बासनास दहा वर्षांत हात लागत नाहीं, त्या घरच्या मंडळींस हा भेद समजावून सांगणें हें संशोधकाचें पहिलें कर्तव्य होय. झाडाची निंदा न करतां, त्याच झाडाच्या कथेचा आधार घेऊन, तें सांगतां येतें: नरहरीनें लोकांच्या थट्टेस न जुमानतां ज्या लाकडास पाणी घातलें, तें लाकूडही सर्पणांतलेंच होतें. बासनांतील जुने कागदही पुष्कळ घरीं सर्पणाच्याच वाटेवर असतात. ते वेळींच बाहेर काढून उन्हांत घालणें, त्यांची यादी करणें व त्यांची नक्कल किंवा छायाचित्र घेऊन ठेवणें, इतकें जरी आपल्या वाचकांपैकीं प्रत्येकानें एका गांवापुरतें केलें, तरी औदुंबराच्या सेवेचा अर्थ आपणांस कळला असें म्हणतां येईल.